मोटार चालते, पण पाणी चढत नाही

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तरीही होळी झाली की डोंगरातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण जमिनीखाली आहे. इथला काळा कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही. चढउतार तीव्र असल्याने पडलेले पाणी सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांतून लगेच खाडीकडे निघून जाते. दिवाळीत काठोकाठ वाटणारी विहीर चैत्रात तळ दाखवू लागते, नदीचे पात्र तुटून डोह उरतात. याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: मोटार चालते, आवाजही येतो, पण पाणी चढत नाही. मग मोटार उचलली जाते, गाडीवर घातली जाते, तालुक्याच्या दुकानात उघडली जाते, आणि पुष्कळदा तिच्यात सांगण्यासारखा काही बिघाड सापडत नाही. अशा वेळी दोष बहुतेकदा मोटारीत नसतोच. तो पंपाच्या अलीकडे, पाण्यापर्यंत जाणाऱ्या सक्शन पाइपात असतो. एकतर तिथे हवा शिरलेली असते, नाहीतर पाणी अडलेले असते, नाहीतर पाणी इतके खाली गेलेले असते की कुठल्याही कंपनीच्या पंपाला ते उचलता येणार नाही. हे आधी तपासले तर बरीच धावपळ वाचेल, असे मानायला भौतिकशास्त्रात भक्कम आधार आहे.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण पाणी ओढले जात नाही, ढकलले जाते. पंपाचा पंखा फिरला की त्याच्या मध्यभागी दाब कमी होतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतोच. तो दाब पाण्याला पाइपातून वर, कमी दाबाच्या जागेकडे रेटतो. म्हणजे सक्शनच्या बाजूला खरे काम वातावरण करते, आणि वातावरणाची ताकद ठरलेली आहे. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पंप कितीही हॉर्सपॉवरचा असला तरी त्याच्या खालचे पाणी यापेक्षा जास्त उंच येऊ शकत नाही. गॅलिलिओच्या १६३८ साली छापलेल्या ग्रंथात याच पेचाची हकिकत आहे. पाणी वर न चढवणारा पंप दुरुस्त करायला कारागीर बोलावला, तर त्याने सांगितले की पंप ठीक आहे, पाणीच फार खाली गेले आहे. गॅलिलिओला त्यामागचे कारण नीट उलगडले नव्हते. त्याचा शिष्य टॉरिचेल्ली याने पुढच्या काही वर्षांत पाऱ्याच्या नळीने ते दाखवून दिले. पण त्या अनाम कारागिराचे निदान अचूक होते, आणि पावणेचारशेहून अधिक वर्षांनंतर पोलादपूरच्या विहिरीवरही ते तितकेच लागू पडते.

हिशेब मांडून पाहिला तर गोष्ट स्पष्ट होते. विहिरीच्या काठावर मोनोब्लॉक पंप बसवला आहे असे धरू. वातावरणाकडून मिळणारे भांडवल १०.३ मीटर. त्यातून पहिला खर्च पाण्याच्या पातळीपर्यंतच्या उंचीचा. दुसरा खर्च फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप), बेंड आणि पाइपातल्या घर्षणाचा, तो साधारण १ मीटर धरू. तिसरा खर्च पाण्याची वाफ होऊ न देण्याचा. तीस अंश तापमानाला तो सुमारे ०.४ मीटर असतो. चौथा खर्च पंपाच्या स्वतःच्या गरजेचा. पंख्याच्या तोंडाशी काही दाब शिल्लक असावाच लागतो, तो २.५ मीटर धरू. नोव्हेंबरात पाणी पंपाच्या २ मीटर खाली असेल तर एकूण खर्च ५.९ मीटर होतो आणि चार मीटरांहून अधिक शिल्लक राहते. एप्रिलमध्ये तेच पाणी ७ मीटर खाली गेले की खर्च १०.९ मीटर होतो, म्हणजे भांडवलापेक्षा जास्त. पंप तोच, पाइप तोच, वीज तीच, तरी पाणी बंद. म्हणूनच व्यवहारात सहा-साडेसहा मीटर ही सक्शनची मर्यादा मानतात. महाड-पोलादपूरकरांना हे आणखी एका तुलनेने पटेल. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेले की समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंची होते. तिथे हवा विरळ, म्हणून भांडवल १०.३ वरून साधारण ८.८ मीटरवर येते. घाटाखाली व्यवस्थित चालणारा पंप घाटमाथ्यावर त्याच खोलीवर कुचकामी ठरू शकतो, आणि त्यात पंपाचा काही गुन्हा नसतो.

पातळी मर्यादेत असूनही पाणी येत नसेल तर पहिला संशय हवेवर घ्यावा. सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा आपल्यातल्या पदार्थाला फिरवून बाहेर फेकतो, आणि त्यातून तयार होणारा दाब त्या पदार्थाच्या वजनावर अवलंबून असतो. पंखा पाण्याला ३० मीटर चढवू शकत असेल तर तो हवेलाही ३० मीटरच चढवेल. पण हवा पाण्यापेक्षा आठशे पटींहून अधिक हलकी. तीस मीटर हवेचा दाब म्हणजे जेमतेम साडेतीन सेंटिमीटर पाणी. पंपात हवा भरलेली असताना तो विहिरीतले पाणी चार बोटेही वर आणू शकत नाही, ते एवढ्यासाठी. सुरू करण्याआधी पंपात पाणी भरावे लागते तेही यामुळेच. आणि भरलेले पाणी परत विहिरीत पळू नये म्हणून पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. सगळ्या यंत्रणेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू हीच. त्याच्या वॉशरखाली एक काडी अडकली तरी रात्रभरात पाइप रिकामा होतो आणि सकाळी मोटार कोरडी फिरते. तपासणी सोपी आहे. पंप बंद ठेवून त्यात तोंडापर्यंत पाणी भरावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. पाणी खाली गेले तर फूटव्हॉल्व्ह धरत नाही किंवा पाइपाला चीर आहे. पाणी जागच्या जागी राहिले, तरी मोटार चालू केल्यावर पंपाची धार पुन्हा तुटत असेल, तर हवा दुसरीकडून शिरते आहे.

ही दुसरी वाट फसवी असते. डिलिव्हरीच्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तिथे गळती झाली तर पाणी दिसते. सक्शनच्या पाइपात दाब कमी असतो. तिथे फट असली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि सांधा वरून कोरडा ठणठणीत दिसतो. म्हणून बघून काही कळत नाही. पाणी थुंकल्यासारखे येते, डिलिव्हरीच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात, मध्येच धार तुटते, ही लक्षणे ओळखावी लागतात. पंप चालू असताना युनियन, बेंड, चुण्या पडलेला होज आणि पंपाच्या ग्लँडवर (शाफ्टभोवतीच्या दोरीच्या पॅकिंगवर) साबणाचा दाट फेस लावावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे फट आहे. ग्लँडची दोरी सुकून आखडली असेल तर तिथूनही हवा शिरते. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे हे आजाराचे नव्हे, प्रकृती ठीक असल्याचे लक्षण आहे. नट आवळून तो थेंब बंद करणारा माणूस दोरीही जाळतो आणि शाफ्टही झिजवतो. आणखी दोन जागा राहतात. सक्शनचा आडवा पाइप पंपाकडे सतत किंचित चढता हवा. मध्ये उंचवटा राहिला तर हवा तिथे साठते आणि कधीच निघत नाही. फूटव्हॉल्व्हवर किमान अर्धा मीटर तरी पाणी हवे. ते कमी झाले की पृष्ठभागावर भोवरा होतो आणि भोवऱ्याच्या नळीतून हवा थेट पाइपात जाते. एप्रिलमध्ये डोहातले पाणी उतरल्यावर हे हमखास घडते.

हवा की अडथळा, हा प्रश्न अंदाजाने सोडवायची गरज नाही. सक्शन पाइपावर पंपाजवळ एक व्हॅक्यूम गेज बसवले तर उत्तर काट्यावर वाचता येते. पाण्याच्या दर मीटर उंचीला पाऱ्याचे सुमारे ७४ मिलिमीटर पडतात. पाणी ४ मीटर खाली असेल आणि घर्षणाला १ मीटर धरला तर काटा ३७०च्या आसपास हवा. तो ५५० किंवा ६०० दाखवत असेल तर पंप जीव तोडून ओढतो आहे पण पाणी मिळत नाही, म्हणजे फूटव्हॉल्व्हची जाळी पाल्याने बुजली आहे, पाइपाचे अस्तर सुटून आत दुमडले आहे किंवा पातळी समजुतीपेक्षा खाली गेली आहे. अशा वेळी पंपात खडी फिरते आहे असा आवाजही येतो. कमी दाबात पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात, पंख्याच्या पात्यांवर फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. उलट काटा शंभराच्या आसपास लटपटत असेल तर हवा शिरते आहे. दोन्ही बिघाडांचे लक्षण वरून एकच, पाणी नाही. उपाय मात्र एकमेकांशी संबंध नसलेले. काही शे रुपयांचे गेज नसल्यामुळे लोक एका रोगावर दुसऱ्याचे औषध करत राहतात.

यावर मिस्त्रींचा आक्षेप असा की मोटारी खरोखर जळतात, बेअरिंग जातात, पंखे झिजतात, आणि महाडसारख्या गावात तर पुराचा गाळ यंत्र खातो. आक्षेप खरा आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये आणि पोलादपूर तालुक्यातील साखर-सुतारवाडी, केवनाळे इथे दरडी कोसळल्या. अशा पुरात बुडालेल्या मोटारीत पाणी जाते, बेअरिंगमध्ये चिखल जातो, पंख्याच्या पोकळ्या गाळाने भरतात. ती मोटार वाळवून, धुऊन, मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय चालू करणे म्हणजे वाइंडिंग जाळणे, आणि माणसाच्या जिवाशी खेळणे. पण मोटारीच्या बिघाडाची ओळखही वेगळी असते. स्टार्टरच्या पॅनलवरचा अँपिअर मीटर ती सांगतो. पंखा कोरडा फिरत असेल तर त्याच्यावर भार नसतो, म्हणून मोटार नेहमीपेक्षा कमी करंट घेते. बेअरिंग धरले, पंखा घासला किंवा वाइंडिंग गेले तर करंट वाढतो, मोटार गुरगुरते, तापते, स्टार्टर ट्रिप होतो. तीन फेजच्या मोटारीचे वायर उलटे जोडले गेले तर ती उलटी फिरते आणि पाणी येते, पण अगदी कमी. थोडक्यात, मोटार सुरळीत, करंट कमी आणि पाणी शून्य, असे तिन्ही एकत्र असतील तर मोटार उघडायला काही कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बिनतोड वाटतो. सबमर्सिबल पंप पाण्यातच बुडलेला असतो, त्याला सक्शन नाही, फूटव्हॉल्व्ह नाही, मग ही सगळी चर्चा जुनी झाली नाही का? उंचीची अडचण सबमर्सिबलने सुटते, हे कबूल. हवेची मात्र सुटत नाही. याचे चांगले उदाहरण विहिरीत नाही, मासेमारीच्या छोट्या बोटींवर आहे. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, गोड्या पाण्यातल्या बोटींवर पकडलेला मासा जिवंत ठेवण्यासाठी पाण्याची टाकी असते आणि बोटीच्या तळाशी बसवलेला बारा व्होल्टचा छोटा पंप तिच्यात सतत ताजे पाणी सोडतो. हे पाणी बदलत राहावे लागते, कारण तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो आणि दाटीने ठेवलेले मासे तो भराभर संपवतात. हा पंप पाण्याच्या पातळीखाली असतो, म्हणजे त्याला ओढण्याचे श्रम नाहीत. तरी त्याची नेहमीची तक्रार हीच: चालतो, पण पाणी येत नाही. बोट वेगात गेली किंवा पाण्याबाहेर काढून परत सोडली की पंपाच्या पोटात हवा अडकते. पुढचा होज खालवर झालेला असेल तर त्या हवेला बाहेर पडायला वाट नसते आणि पंखा तिच्यात नुसता फिरत राहतो. होज एकदा सैल करून हवा सोडली की धार सुरू. विहिरीतल्या सबमर्सिबललाही हे चुकत नाही. झरे मंदावलेल्या विहिरीत पाणी पंपाच्या खाली गेले की तो हवा घेतो. त्यात भर म्हणजे सबमर्सिबलची मोटार भोवतालच्या पाण्यानेच थंड राहत असल्याने ती कोरडी चालली तर लवकर जळते. काठावरच्या पंपाला हवा लागली तर काम अडते, सबमर्सिबलला लागली तर मोटारच जाते. म्हणून ड्राय-रन संरक्षण असलेला स्टार्टर हा त्याच्यासाठी शौक नाही.

पंप मुळीच नसलेल्या ठिकाणीही हवा हेच करते, आणि पोलादपूरच्या डोंगरवाड्यांना याचा अनुभव आहे. वरच्या झऱ्यापासून काळा एचडीपीई पाइप टाकून उताराने पाणी वाडीच्या टाकीत आणायचे, अशा योजना सह्याद्रीच्या या बाजूला सोयीच्या असतात. झरा उंच, टाकी खाली, मग पाणी यायलाच हवे. पण पाइप दगडधोंड्यांवरून, ओढ्यांतून, खालवर होत जातो. प्रत्येक उंचवट्याच्या पुढच्या उतारावर हवेचा एक तुकडा अडकतो, आणि तो तुकडा उभ्या उंचीत जितका असेल तितका दाब गिळतो. झरा टाकीपेक्षा १५ मीटर उंच आहे आणि वाटेत असे तीन उंचवटे आहेत, प्रत्येकापुढे ६ मीटर उंचीची हवा आहे, असे धरा. एकूण १८ मीटर दाब गेला, हाती होता १५. पाणी थेंबभरही येणार नाही, आणि पाइप मात्र कुठेही फुटलेला नसेल. यावर उपाय पंप लावणे हा नाही. उंचवट्याच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह किंवा निदान टी जोडून एक छोटा कॉक बसवणे, आणि झऱ्यापासून खाली एकेक कॉक उघडून हवा काढत येणे, एवढे पुरते. उन्हाळ्यात झरा बारीक झाला की वरच्या तोंडाशी पाण्याबरोबर हवाही आत जाते, त्यामुळे तोंड छोट्या बंधाऱ्यात बुडालेले ठेवणे तितकेच महत्त्वाचे.

हे सगळे पाहिल्यावर सर्वाधिक केला जाणारा उपाय, म्हणजे मोठी मोटार बसवणे, किती उलटा आहे हे ध्यानात येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ती गत आहे. घर्षणाने होणारे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोठा पंप त्याच पाइपातून दुप्पट पाणी ओढू पाहील तर सक्शनमधले नुकसान चौपट होते. पंपाची स्वतःची दाबाची गरजही वाढते. वातावरणाचे भांडवल मात्र तेच १०.३ मीटर राहते. परिणामी तीन हॉर्सपॉवरला येत होते तितकेही पाणी पाच हॉर्सपॉवरला येईनासे होऊ शकते, आणि बिल वाढते ते वेगळेच. पैसे घालायचेच असतील तर ते पाइपात घालावेत. दीड इंची सक्शन पाइप काढून दोन इंची टाकला तर तितक्याच पाण्याला घर्षण जवळपास एक चतुर्थांश होते, कारण व्यासाचा परिणाम पाचव्या घाताने होतो. त्याहून मोठा फायदा पंप खाली आणण्यात आहे. विहिरीत पायरीवर किंवा कपारीत पक्का ओटा बांधून पंप तीन मीटर खाली बसवला तर ते तीन मीटर सरळ शिलकीत पडतात. मात्र हा ओटा पावसाळ्यात बुडणार, त्यामुळे जूनच्या आधी पंप वर काढण्याची सोय आणि शिस्त दोन्ही हवीत.

अर्थात यात मेकॅनिकला बगल देण्याचा सल्ला नाही. विजेची जोडणी, भिजलेली मोटार, बेअरिंग आणि सील ही त्याचीच कामे. सावित्रीच्या डोहात उतरून फूटव्हॉल्व्ह काढणे हेही एकट्याने, सांजसकाळी करण्याचे काम नाही. महाडजवळच्या पात्रात मगरी आहेत आणि पंप चालू असताना पाण्यात उतरणे तर कुठल्याही पात्रात धोक्याचे. पण निदानाचा क्रम माणसाच्या हातात आहे. आधी पाण्याची पातळी दोरीने मोजावी. मग पंपात पाणी भरून ते टिकते का ते पाहावे. मग सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. मग गेज आणि अँपिअर मीटर वाचावेत. यातल्या पहिल्या तीन तपासण्या जवळजवळ फुकट आहेत आणि एका सकाळीत आटोपतात. पाणी भरपूर असते त्या दिवाळीच्या सुमारास फूटव्हॉल्व्हचा वॉशर आणि ग्लँडची दोरी बदलून ठेवली, गेजवरचा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला, तर मार्चमध्ये तुलनेला आधार मिळतो. मोटार गाडीवर चढवण्याआधी एवढे जरूर करा. दुकानापर्यंतची फेरी बहुतेक वेळा तिथेच संपेल.